चवथीचे पेढे घरी करा म्हणता, तर दूध कोणते तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत दोन मजकूर न चुकता दिसू लागतात. घाटापलीकडून आलेला संशयास्पद खवा आणि बर्फी अन्न व औषध प्रशासनाने पकडल्याची बातमी हा पहिला, आणि त्यावर उपाय म्हणून ‘यंदा पेढे घरीच करा’ असे सांगणारी पाककृती हा दुसरा. बातमीबद्दल माझी तक्रार नाही. ती यायलाच हवी. हे पत्र आहे ते पाककृतीबद्दल. ती बहुधा तीन ओळींची असते: एक लिटर दूध घ्यावे, आटवून खवा करावा, चवीपुरती साखर व वेलची घालून पेढे वळावेत. तशी नसली, तर दुधाची पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा यांतून दहा मिनिटांत पेढे करून दाखवणारी असते. दोन्ही प्रकारांत ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे ती गाळलेली असते, आणि ती म्हणजे दूध कोणते घ्यायचे. मग घरोघरी तासभर कढईशी उभे राहून मूठभर चिवट गोळा हाती आला की ‘आपल्याला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा डबा विकत येतो. या निष्कर्षात करणाऱ्याच्या हाताचा दोष फार थोडा असतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

पिशवीतले दूध म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ (प्रथिने, दुधातली साखर, क्षार) असावे लागतात. स्टँडर्डाइज्ड दुधात हे प्रमाण ४.५ आणि ८.५, टोन्ड दुधात ३ आणि ८.५, तर डबल टोन्ड दुधात १.५ आणि ९ असे असते. दूध आटवणे म्हणजे त्यातले पाणी घालवून हे घनपदार्थ एकत्र आणणे, त्यामुळे कढईत शेवटी काय आणि किती उरणार हे पिशवी कापण्यापूर्वीच ठरलेले असते. एक लिटर फुल क्रीम दुधात दीडशे ग्रॅमहून थोडे अधिक घनपदार्थ असतात आणि पेढ्याच्या घट्ट खव्यात तीस टक्क्यांच्या आसपास पाणी राहते. कढईला आणि कालथ्याला चिकटून जाणारा भाग वजा केला तर साधारण दोनशे ग्रॅम खवा पदरात पडतो. टोन्ड दुधापासून त्याच हिशेबाने दीडशे-एकशे साठ ग्रॅमवर समाधान मानावे लागते. लिटरभर दुधाचे एवढेसेच कसे झाले, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर पिशवीवरच्या बारीक अक्षरांत छापलेले असते.

प्रश्न केवळ वजनाचाही नाही. खव्यासाठी कायद्याने जे मानक घालून दिले आहे, त्यात खव्याच्या कोरड्या अंशात दुधाचा स्निग्धांश निदान ३० टक्के असला पाहिजे आणि वरून घातलेला स्टार्च, साखर किंवा रंग त्यात असता कामा नये, असे म्हटले आहे. आता टोन्ड दुधाचे गणित मांडून पाहावे. एकूण ११.५ भाग घनपदार्थांत स्निग्धांश ३ भाग, म्हणजे २६ टक्के. अर्थात टोन्ड दूध कितीही निगुतीने आटवले आणि त्यात कणभरही भेसळ केली नाही, तरी जे तयार होते ते नियमाच्या भाषेत खवा ठरतच नाही. डबल टोन्ड दुधात तर हे प्रमाण १४ टक्क्यांवर येते. स्टँडर्डाइज्ड दूध ३४-३५ टक्क्यांनी निभावून जाते आणि फुल क्रीम ४० टक्क्यांवर निश्चिंत असते. टोन्ड दुधाचे पेढे कोरडे पडतात, कडेला भेगाळतात आणि दाताखाली चिवट लागतात, याचे कारण हेच आहे. त्यावर तूप सोडून ओलावा आणण्याचा जो उपाय सुचवला जातो तो पेढ्यावर चकाकी आणतो, पोत सुधारत नाही.

शेजारच्या गोठ्यातून दूध घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. ते दूध बहुधा गायीचे असते आणि पिण्यासाठी उत्तम असते, पण त्याचा खवा किंचित पिवळसर, चिकट आणि जिभेला थोडा खारट लागणारा होतो. म्हशीच्या दुधाचा खवा पांढरा, मऊ आणि अधिक होतो, म्हणूनच पेढ्या-बर्फीसाठी म्हशीच्या दुधाला पसंती दिली जाते. गायीचेच दूध हाताशी असेल तर त्यात निम्मे फुल क्रीम दूध मिसळून काम भागते. आणखी एक गैरसमज साय पाहून दूध पारखण्याचा. पिशवीतले दूध पुष्कळदा होमोजिनाइज्ड असते, म्हणजे त्यातील स्निग्धाचे थेंब बारीक करून दुधात पसरवलेले असतात, त्यामुळे त्यावर जाड साय येत नाही. साय नाही म्हणून दुधात स्निग्धांश नाही, असे समजण्याचे कारण नाही.

हा सगळा खुलासा गोव्यातल्या वाचकांसाठी अधिक तपशिलाने करण्याची गरज का आहे, तेही सांगते. आमच्याकडील गोडाधोडाची परंपरा मुळात ओल्या खोबऱ्यावर आणि नारळाच्या रसावर उभी आहे. चवथीच्या पानातल्या पातोळ्या घ्या, देवकार्यातले मणगणे (चणाडाळीची खीर) घ्या, नाताळातला दोदोल घ्या. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेली बेबिंकासुद्धा नारळाच्या रसातलीच. पेढा, बर्फी आणि कुंदा ही मंडळी धारवाड-बेळगावाकडून किंवा साताऱ्याकडून घाट उतरून आली आणि बहुतेक घरांत ती विकतच येत राहिली. त्यामुळे साताऱ्याच्या घरात मुलीला आईच्या शेजारी उभे राहून जे आपोआप समजते, ते आमच्या स्वयंपाकघरात समजण्याची सोय नाही. उलट, नारळाच्या रसाने लावलेल्या सवयी दुधाच्या बाबतीत नडतात. नारळाचा पहिला, दाट रस शेवटी घालायचा, त्याला मोठी उकळी येऊ द्यायची नाही, आच मंद ठेवायची, हे आमच्या हाताला पक्के ठाऊक असते. खव्याला मात्र सुरुवातीला मोठी आच लागते. मणगण्यात गूळ निर्धास्त शिजतो, पण तोच गूळ उकळत्या दुधात पडला की त्यातील आम्लता आणि क्षार यांमुळे दूध फाटण्याची भीती असते. गुळाचे पेढे करायचेच असतील तर खवा पूर्ण तयार करून, विस्तवावरून उतरवून, कोमट झाल्यावर त्यात किसलेला गूळ मळावा.

आता कृतीकडे वळते, कारण ती न सांगता नुसती टीका करणे बरोबर नव्हे. दोन लिटर फुल क्रीम दूध त्याच दिवशीचे, डेअरीपासून घरापर्यंत सतत थंड राहिलेले घ्यावे. या मुद्द्यावर मी जरा हटून बसणार आहे. दूध आटत जाते तशी त्यातील आम्लताही दाट होत जाते, त्यामुळे जे दूध साध्या उकळीला टिकते ते अर्धे आटल्यावर फाटू शकते. आदल्या दिवशीचे उरलेले दूध ताज्यात मिसळण्याचा मोह म्हणूनच टाळावा. फाटू नये म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची जी युक्ती सांगितली जाते तीही करू नये. त्याने दूध सावरते, पण खव्याचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात.

भांडे जाड बुडाचे आणि पसरट हवे. उंच पातेल्यात दूध आटवण्याइतका गॅसचा आणि माणसाचा अपव्यय दुसरा नाही, कारण वाफ पृष्ठभागावरून जाते आणि पृष्ठभाग जितका मोठा तितके काम लवकर उरकते. कढई लोखंडी असेल तर गंजाचा डाग नसावा, पितळी असेल तर कल्हई शाबूत असावी. हातात सपाट कडेचे उलथणे घ्यावे, पळी नव्हे. पळीचा गोल तळ कढईच्या तळाला पुरता लागत नाही. दुधाला उकळी येईपर्यंत आणि नंतर ते अर्ध्यावर येईपर्यंत आच मोठी ठेवून सतत तळ खरवडत राहावे. तापलेल्या दुधातील प्रथिने आणि कॅल्शियमचे क्षार तळाला धरतात आणि तेच आधी करपतात. कडेला जमणारी साय लगोलग दुधात लोटावी. बासुंदीत साय जमवायची असते, खव्यात ती विरून गेली पाहिजे.

दूध निम्म्याहून कमी झाले की आच मध्यम करावी आणि रबडीइतके दाट झाले की मंद. इथून पुढची दहा-पंधरा मिनिटे खरी महत्त्वाची असतात. बुडबुडे जड होऊन फुटफुटू लागतात, कढईच्या कडा सुटू लागतात, तुपाची बारीक चमक दिसते आणि सगळा ऐवज उलथण्याभोवती गोळा होऊ लागतो. गोळा अजून थोडा सैल आहे असे वाटत असतानाच गॅस बंद करावा, कारण निवताना तो आणखी घट्ट होतो. ‘पूर्ण कोरडा होईपर्यंत परतावे’ असे छापणाऱ्या पाककृतींनी किती घरांतले पेढे दगड केले असतील! दोन लिटरला पसरट कढईत तास-सव्वा तास लागतो. मध्येच तळ करपला असे वाटल्यास तो खरवडू नये. वरचे दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून पुढचे काम तिथे करावे.

रंगाबद्दलही थोडे लिहायला हवे. सारा वेळ मंद आचेवर दूध ठेवले तर त्यातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि प्रथिने यांची एकमेकांशी क्रिया होऊन खवा तांबूस होतो व त्याला खमंग वास येतो. हा दोष नव्हे, तो वेगळा पेढा आहे. साताऱ्याचा कंदी पेढा आणि भौगोलिक मानांकन मिळालेला धारवाडचा पेढा यांत खवा मुद्दाम भाजून हाच खमंगपणा आणतात, आणि पाणी कमी झाल्यामुळे ते पेढे अधिक दिवस टिकतातही. मात्र नैवेद्याला पांढरा, मऊ पेढा हवा असेल तर काम लवकर उरकणे भाग आहे. करणाऱ्याने आधी कोणता पेढा हवा ते ठरवावे. निम्मा वेळ एक आणि निम्मा वेळ दुसरा करू गेल्यास दोन्ही हातचे जातात.

खवा कोमट झाल्यावर तो वजनकाट्यावर ठेवावा आणि त्याच्या तीस टक्के पिठीसाखर घ्यावी, म्हणजे चारशे ग्रॅमला एकशे वीस ग्रॅम. ‘एक वाटी साखर’ हे माप मला कधीच कळलेले नाही, कारण प्रत्येक घरची वाटी निराळी. साखर खवा गरम असताना घातली की ती विरघळून मिश्रण पातळ होते आणि पुन्हा आटवत बसावे लागते. कोमट खव्यात पिठीसाखर मिसळून तळहाताच्या टाचेने चांगले मळले, की खव्याचे खरखरीत कण मोडतात आणि पेढा मऊ होतो. वेलची सगळेच घालतात. मी जायफळाची शिफारस करीन, आणि तेही सावई-वेऱ्याकडच्या एखाद्या कुळागरातले (नारळ-पोफळीच्या बागेतले) मिळाले तर उत्तमच. एवढ्यात वीस-वीस ग्रॅमचे पंचवीस पेढे सहज होतात.

पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कच्या पेढ्यांना माझा तात्त्विक विरोध नाही. घाईच्या घरात तेही चालतात. परंतु गोड कंडेन्स्ड मिल्कमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक साखरच असते, त्यामुळे पेढा किती गोड व्हावा हे करणाऱ्याच्या हाती राहत नाही. आणि दुकानात पावडर म्हणून जे पाकीट पुष्कळदा उचलले जाते ते डेअरी व्हाइटनर असते, ज्यात आणखी साखर घातलेली असते. अशा पाककृतीला ‘पारंपरिक पेढे’ असे शीर्षक देऊ नये, एवढीच विनंती.

खर्चाच्या बाजूने ‘घरी परवडत नाही’ असे ऐकू येते. दोन लिटर दुधातले सुमारे दीड लिटर पाणी वाफ करायला साध्या घरगुती शेगडीवर दोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा सत्तरावा भाग झाला. खरा खर्च दुधाचा. आणि याच हिशेबातून बाजारातला खवा पारखण्याची एक सोपी रीत हाती येते. किलोभर खव्यामागे पाच लिटर फुल क्रीम दूध जाते. किलोभर पेढ्यांत पाऊण किलो खवा धरला तरी पावणेचार लिटर दूध झाले. हलवायाला घाऊक दूध थोडे स्वस्त मिळत असेल हे मान्य, पण त्याला इंधन, मजुरी, जागेचे भाडे आणि घाटातली वाहतूक आहेच. तेव्हा दुधाच्या या किमतीपेक्षाही कमी दराने कोणी खवा किंवा पेढे विकत असेल, तर त्यात दुधाव्यतिरिक्त काय आहे हा प्रश्न प्रयोगशाळेत न जाताही विचारता येतो. राज्याची दुधाची गरज राज्यातल्या उत्पादनावर भागत नाही, महाराष्ट्र-कर्नाटकातून दूध येते तेव्हा आपला चहा होतो. अशा प्रदेशात सणाच्या आठवड्यात खवा अचानक मुबलक आणि स्वस्त व्हावा, याचे नवल वाटायला हवे.

घरी करायच्या आयोडिन चाचणीचाही उल्लेख आपल्या बातम्यांत असतो. त्याला दोन पुरवण्या जोडाव्यात. थोडा खवा पाण्यात उकळून, पूर्ण थंड करून त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात पीठ किंवा स्टार्च आहे हे खरे. परंतु रंग आला नाही म्हणजे खवा शुद्ध, असे नव्हे, कारण वनस्पती तुपाची भेसळ या चाचणीत कळत नाही. आणि दुसरे असे की ही चाचणी तयार पेढ्यावर करू नये. आयसिंग शुगर म्हणून मिळणाऱ्या साखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे घरच्या निर्मळ पेढ्यालाही निळा रंग येऊन विनाकारण घबराट उडेल. पिठीसाखर घरीच मिक्सरवर दळून घेतलेली बरी. ज्यांना विकतच घ्यायचे आहे त्यांनी निदान थाळीसमोरची तारीख पाहावी. सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांवर बंधनकारक आहे, आणि तारीख दिसत नसेल तर ती विचारण्यात संकोच कसला?

भाद्रपदातल्या दमट हवेत घरचा पेढाही फार काळ बाहेर ठेवण्यासारखा नसतो. दोन दिवसांपलीकडे तो फ्रीजमध्येच असावा. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधणे, नेवऱ्या (करंज्या) तळणे आणि खतखते (मिश्र भाजी) शिजवणे यांच्या धांदलीत तासभर कढईशी उभे राहणे कुणालाच शक्य नसते, म्हणून खवा दोन दिवस आधी करून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावा आणि पेढे चवथीच्या आदल्या संध्याकाळी वळावेत.

आपल्या पुरवणीच्या संपादकांना माझी विनंती अशी की, दुधाच्या कोणत्याही पक्वान्नाची कृती छापताना साहित्याच्या यादीत दुधाचा प्रकार, साखरेचे वजन, भांड्याचा आकार, लागणारा वेळ आणि अखेरीस हाती येणारे वजन एवढे अवश्य द्यावे. जागा अपुरी पडत असेल तर सजावटीच्या सूचना आणि चांदीच्या वर्खाचे छायाचित्र वगळले तरी चालेल. दूधसंघांनाही एक सुचवावेसे वाटते: चवथीच्या आधीच्या आठवड्यात फुल क्रीम दुधाच्या पिशव्या सकाळी आठच्या आत संपतात, आणि उशिरा आलेल्या गिऱ्हाईकाला टोन्ड दूध घेऊन परतावे लागते. त्या आठवड्यापुरता फुल क्रीम दुधाचा पुरवठा वाढवून ते कोणत्या केंद्रांवर मिळेल, हे आपल्याच वर्तमानपत्रातून आगाऊ जाहीर केले, तर घरी खवा करू इच्छिणाऱ्यांची मोठी सोय होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा